सी-१६: पोटाच्या कर्करोगाचा सांकेतिक क्रमांक

तळोद्याच्या रुग्णाची दुर्बिणीतून तपासणी एका गावी, बायोप्सी दुसऱ्या गावी आणि शस्त्रक्रिया नंदुरबार, धुळे किंवा सुरतेला होऊ शकते. या साऱ्या कागदांना जोडणारा धागा म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० वर्गीकरणातला क्रमांक. जठराच्या कर्करोगाला सी-१६ हा गट आहे: अन्ननलिकेलगतचा भाग १६.०, मधला १६.२, खालचा अँट्रम १६.३, जागाच नोंदलेली नसेल तर १६.९. जठराच्या व्रणाला मात्र के-२५. पहिल्या डिस्चार्ज कार्डावर व्रण आणि पुढच्यावर कर्करोग दिसला, की विमा कंपनी खुलासा मागते. तिचे ते मागणे मला गैर वाटत नाही. गंभीर आजाराच्या पॉलिसीत तर फरक पैशांचाच असतो, कारण वरच्या थरातच असलेला डी-००.२ हा कर्करोग सहसा त्यातून वगळलेला असतो.

कोणी म्हणेल, क्रमांक टाकणे रुग्णालयाचे काम, रुग्णाने का डोके शिणवावे? खरे आहे, आणि निदान सिद्ध होते ते बायोप्सीनेच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पैसेही उपचारांच्या ठरलेल्या पॅकेजवर, पूर्वमंजुरीने मिळतात. नुसत्या सी-१६ वर नव्हे. पण क्रमांक डॉक्टरांच्या लेखी निदानावरून पडतो, आणि ते मोघम असेल तर क्रमांकही मोघम पडतो. म्हणून घरी निघण्यापूर्वी डिस्चार्ज कार्डावरचे निदान बायोप्सीच्या अहवालाशी ताडून पाहा, आणि तफावत असेल तर दुरुस्ती तिथेच मागा.