छळ पाहणारे मित्र बोलते व्हावेत

बेळगाव जिल्ह्याच्या निपाणी भागातील बोरगावसारख्या सीमेवरील गावात मूल घरी मराठी बोलते, बाजारात मराठी आणि कन्नड दोन्ही ऐकते आणि प्राथमिक शाळा संपली की हायस्कूलच्या अनोळखी वर्गात जाऊन बसते. तेथे चुकलेला एखादा उच्चार, आईचे तंबाखूच्या वखारीतील काम, अंगाचा रंग किंवा बोलताना अडखळणे, यांपैकी कशावरूनही टोपणनाव पडू शकते. पहिल्या दिवशी ती थट्टा असते. तीच थट्टा त्याच मुलाच्या वाट्याला रोज येऊ लागली आणि त्याला उलट उत्तर देण्याचे बळ नसेल, तर तो छळ होय. जाणूनबुजून दुखावणे, पुन्हा पुन्हा दुखावणे आणि बळाची विषमता या तीन खुणा नॉर्वेतील मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी सांगितल्या. आजही छळ त्यांवरूनच ओळखला जातो.

हा प्रश्न एका गावाचा नाही. युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालानुसार जगातील जवळजवळ प्रत्येक तिसऱ्या विद्यार्थ्याला महिनाभरात निदान एकदा तरी सोबत्यांकडून छळ सोसावा लागतो. गोव्यातही पाचवीत मराठी किंवा कोकणी माध्यमातून इंग्रजीत जाणारे मूल अशाच अनोळखी उंबरठ्यावर उभे असते.

छळ बहुधा शिक्षकांच्या नजरेआड होतो. सोबत्यांच्या नजरेआड मात्र क्वचितच. कॅनडातील संशोधकांनी शाळांच्या मैदानांवरील प्रसंगांचे चित्रण तपासले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार ८८ टक्के प्रसंगांत इतर मुले हजर होती. पण मध्ये पडण्याचे धाडस केवळ १९ टक्के प्रसंगांत झाले. जेथे कोणी मध्ये पडले, तेथे निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. बघ्यांचे मौन दांडगाई करणाऱ्याला संमतीसारखे वाटते आणि सोसणाऱ्याला ‘सारा वर्गच आपल्या विरोधात आहे’ असे वाटू लागते. हे मौन मोडण्यासाठीच विद्यार्थ्यांना सोबती म्हणून तयार करण्याची कल्पना पुढे आली.

असे सोबती निवडताना केवळ मॉनिटर किंवा पहिला क्रमांक पाहून चालत नाही. ‘मन मोकळे करावेसे वाटले तर तू कोणाकडे जाशील?’ हा प्रश्न वर्गाला चिठ्ठीवर विचारला, तर योग्य नावे आपोआप वर येतात. त्यांत मुले-मुली, दोन्ही भाषांची घरे आणि शांत स्वभावाचे विद्यार्थीही असावेत.

प्रशिक्षणात चार गोष्टी येतात. पहिली, ऐकणे : मध्ये न तोडता, सल्ला देण्याची घाई न करता. दुसरी, सोबत : एकट्या पडलेल्याशेजारी जाऊन बसणे, त्याला खेळात घेणे, ‘चल, आपण तिकडे जाऊ’ असे म्हणून प्रसंगातून बाहेर काढणे. तिसरी, हशात सामील न होणे. टोपणनाव न उच्चारणे आणि मोबाईलवर आलेले टिंगलीचे छायाचित्र पुढे न पाठवणे. चौथी व सर्वांत महत्त्वाची, गुपिताची मर्यादा : मारहाण, लैंगिक त्रास किंवा जीव देण्याची भाषा कानी आली, तर ती गोष्ट त्याच दिवशी विश्वासू शिक्षकाला सांगणे. ही चुगली नसून मदत आहे, हे मुलांच्या मनावर ठसवावे लागते.

येथे एक सावधगिरी हवी. मारिया तोफी आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी २०११ मध्ये अनेक देशांतील उपक्रमांचा एकत्रित आढावा घेतला. शालेय उपक्रमांनी छळ साधारण एक पंचमांशाने घटतो, असे त्यांना आढळले. पण सोबत्यांवर भिस्त ठेवणारे उपक्रम आणि छळ सोसणाऱ्यांच्या प्रमाणातील वाढ यांचाही संबंध दिसला. म्हणून भांडण मिटवण्याचा, चौकशीचा किंवा शिक्षेचा अधिकार मुलांकडे देऊ नये. त्यांनी सोबत करावी; न्याय मोठ्यांनी करावा. शिक्षकाने दर आठवड्याला सोबत्यांची बैठक घेऊन त्यांच्याही मनावरचा भार हलका केला पाहिजे.

मोठ्यांपैकी हे काम कोणी करावे, याचे एक उत्तर गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेच्या अनुभवातून मिळते. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ शाळांत नववीच्या विद्यार्थ्यांसाठी राबवलेल्या ‘सेहर’ उपक्रमात मनोगत टाकण्याची पेटी, भित्तिपत्रक, गटचर्चा आणि वैयक्तिक समुपदेशन यांचा समावेश होता. ज्या शाळांत त्यासाठी प्रशिक्षित समुपदेशक नेमला होता, तेथे वातावरण सुधारले, छळ आणि नैराश्याची लक्षणे घटली. अध्यापन सांभाळणाऱ्या शिक्षकांकडेच हे काम सोपवले, तेथे तसा परिणाम दिसला नाही. आधीच कामाने वाकलेल्या शिक्षकाच्या पाठीवर आणखी एक ओझे ठेवून हा प्रश्न सुटत नाही, एवढे त्यातून स्पष्ट होते.

लहान गावातील प्रत्येक शाळेला स्वतंत्र समुपदेशक मिळणे कठीण. परंतु जवळच्या काही शाळांनी मिळून एक समुपदेशक मागणे, त्यासाठी शाळा सुधारणा समितीने ठराव करणे आणि बालकांसाठीचा १०९८ व मानसिक आधाराचा १४४१६ हे विनामूल्य क्रमांक प्रत्येक वर्गात लावणे सहज शक्य आहे. पेटीत पडलेली चिठ्ठी मात्र त्याच दिवशी वाचली गेली पाहिजे. एकदा धीर करून लिहिलेल्या चिठ्ठीला उत्तर मिळाले नाही, तर ते मूल दुसरी लिहीत नाही.