वर्गप्रतिनिधीचे भाषण आणि खानदेशातील श्रोता

शालेय वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीतील भाषण हा विषय भाषाशास्त्राच्या अभ्यासकास प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. नववीतील एखादा मुलगा दोन-तीन मिनिटे बोलतो, चिठ्ठ्या मोजल्या जातात, आणि दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर गैरहजरांची संख्या लिहिण्याचे काम नव्या हातांकडे जाते. तथापि जळगाव व धुळे या जिल्ह्यांत या प्रसंगास एक निराळे महत्त्व आहे. घरची बोली आणि शाळेची भाषा यांपैकी कोणत्या भाषेत चारचौघांसमोर उभे राहावे, हा प्रश्न येथील कित्येक मुलांना प्रथम याच वेळी पडतो. आणि भाषण लक्षात राहणे न राहणे पुष्कळ अंशी त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

धुळे, अमळनेर, चाळीसगाव या भागांत अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा बोली, आणि सातपुड्याच्या अंगाने पावरी व भिली, अशी येथील स्थूल विभागणी आहे. ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या पाहणीत खानदेशीचा विचार मराठीच्या खंडात न करता १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या भिली भाषांच्या भागात केला. ते वर्गीकरण वादग्रस्त ठरले, पण घरच्या व शाळेच्या भाषेतील अंतर किती आहे याची कल्पना त्यावरून येते. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या १८ लक्षांहून अधिक होती.

आता भाषणाकडे वळू. उदाहरणादाखल असे समजावे की, उमेदवाराच्या मनात एवढेच आहे : मधल्या सुट्टीत माठ रिकामा असतो, तो आपण भरावा. तो हे कागदावर उतरवतो आणि कागद शिक्षकांकडे जातो. परत येतो तेव्हा वाक्य साधारणतः असे झालेले असते : ‘विद्यार्थ्यांना भेडसावणाऱ्या पिण्याच्या पाण्याच्या अभावाच्या प्रश्नाचे समाधानकारक निराकरण करण्यात येईल.’ व्याकरणदृष्ट्या यात दोष काढता येणार नाही. परंतु मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. त्याच्या आधी षष्ठीची अशी साखळी रचली की ऐकणाऱ्याला सारा भार शेवटपर्यंत डोक्यावर वाहावा लागतो. वाचकाला मागे वळून पाहता येते, श्रोत्याला ती सोय नाही. शिवाय ‘करण्यात येईल’ या रचनेत कर्ताच नाहीसा झाला. निराकरण कोण करणार? कचेरीच्या परिपत्रकात ही संदिग्धता सोयीची असेल; मते मागणाऱ्याने मात्र नेमके आपले नावच खोडून टाकलेले असते.

मूळ वाक्याची दोन रूपे संभवतात : ‘मी पाणी भरीन’ आणि ‘पाणी मी भरीन’. मराठीत क्रियापदाच्या लगतपूर्वी येणाऱ्या पदावर सामान्यतः भर पडतो. पहिल्या वाक्यात केवळ माहिती आहे. दुसऱ्यात पाण्याचा प्रश्न वर्गाला ठाऊकच आहे असे धरून, ते भरणारा कोण हे सांगितले आहे. शब्द तेच, क्रम बदलला, आणि विधानाचे वचन झाले. वक्तृत्वाच्या पुस्तकांत अलंकारांची लांबलचक यादी असते, पण क्रमाच्या या साध्या सामर्थ्याकडे क्वचितच लक्ष दिलेले आढळते.

सर्वनामाची निवडही अशीच निर्णायक आहे. ‘आम्ही’मध्ये श्रोता नसतो, ‘आपण’मध्ये तो असतो; हिंदीतील ‘हम’ हा भेद राखत नाही. ‘आम्ही तुमच्यासाठी झटू’ असे म्हणणारा उमेदवार एका वाक्यात वर्गाचे दोन तट पाडतो. ‘आपण माठाला झाकण बसवू’ म्हणणारा सर्वांना कामात ओढतो. मात्र याच ‘आपण’ची दुसरी योजना आदरार्थी द्वितीय पुरुषाची आहे. ‘आपण मला निवडून द्यावे’ हे कालपर्यंत ‘अरे-तुरे’ करणाऱ्या बाकावरच्या सोबत्याच्या तोंडी कृत्रिम वाटते, आणि वर्ग हसतो तो बहुधा येथेच.

कानासाठी झालेल्या रचनेचे थोर उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एक, याप्रमाणे गीतेवर अठरा प्रवचने दिली. पूर्वी अमळनेरच्या शाळेत शिक्षक असलेले साने गुरुजी त्या वेळी सहबंदी होते. त्यांनी ती ऐकता ऐकता लिहून घेतली. पुढे ‘गीता प्रवचने’ म्हणून जे पुस्तक झाले, ते आधी बोलले गेले व मग लिहिले गेले. शाळकरी भाषणाचा प्रवास नेमका उलटा असतो : आधी निबंध, मग पाठांतर, मग उच्चार. नवव्या इयत्तेच्या मुलाकडून विनोबांची अपेक्षा कोणी करणार नाही; पण आधी मित्राला बोलून दाखवावे आणि त्याला जे पुन्हा सांगता आले तेवढेच कागदावर ठेवावे, ही पद्धत त्यालाही साध्य आहे.

राहिला बोलीचा प्रश्न. वरील वाक्य अहिराणीत ‘पानी मी भरसू’ असे होईल. गुजरातीशी नाते सांगणारा हा सकारयुक्त भविष्यकाळ मुलाच्या कानावर जन्मापासून पडलेला आहे. संपूर्ण भाषण अहिराणीत केले तर वर्ग त्याला स्नेहसंमेलनातील विनोदी नकलेच्या सदरात टाकण्याचा धोका आहे. उलट, प्रमाण मराठीत बोलता बोलता एकच वाक्य घरच्या बोलीत आले, तर त्याचे मोल वाढते. ब्लोम व गंपर्झ यांनी १९७२ साली नॉर्वेतील एका गावासंबंधी दाखवून दिले की, स्थानिक बोली व प्रमाणभाषा यांतील असे स्थित्यंतर बोलणाऱ्यांचे परस्परसंबंधच क्षणभर बदलून टाकते. पण अट अशी की, बोली वक्त्याची स्वतःची असली पाहिजे. मतांसाठी उसनी आणलेली अहिराणी वर्गाला तत्काळ ओळखू येते, आणि लेवा बोलणाऱ्या रावेरच्या वर्गात तिचे प्रयोजनही नाही.

तरीही शिक्षकांची लाल शाई बहुतेक वेळा याच वाक्यावर फिरते. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची लेवा बोलीतील गाणी १९५२ साली ग्रंथरूप झाली, आणि २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. त्याच परिसरात ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ म्हणणाऱ्या मुलाचा उच्चार अद्याप ‘गावठी’ म्हणून सुधारला जातो. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत प्रमाण रूपाचा आग्रह समजण्यासारखा आहे. निवडणुकीच्या भाषणात तो अनाठायी होय. तेथे परीक्षक वर्ग आहे, शिक्षक नव्हेत. ‘भरसू’ खोडून ‘व्यवस्था करण्यात येईल’ लिहिले, तर ऑगस्टात माठ कोरडा पडल्यावर उमेदवाराला विचारण्याजोगे वर्गाजवळ काहीच उरत नाही. ते वाक्य राहू दिले, तर मागच्या बाकावरून तेच तीन शब्द त्याला ऐकवले जातात, आणि त्याला कळशी उचलावी लागते.