‘टक्’ आवाज आला का?

भिवंडीतली जुलैची सकाळ. रात्रभर पाऊस कोसळून गेलेला, अंजूर फाट्याकडे ट्रकची रांग लागलेली आणि इमारतीच्या आवारात आठवडाभर ताडपत्रीखाली उभी असलेली प्रीमिअर पद्मिनी चावी फिरवली तरी गप्प. भोवती चौघे जमतात. एक म्हणतो बॅटरी उतरली, दुसरा म्हणतो सेल्फ जळाला, तिसरा म्हणतो रिले बदलून टाका. यातले प्रत्येक निदान कुठल्या ना कुठल्या गाडीत खरे ठरलेले असते, म्हणूनच पंचाईत होते. अंदाजाने एकेक भाग बदलत गेले की पैसे जातात, आणि जुन्या गाडीतला मूळचा चांगला भाग भंगारात जातो तो वेगळाच.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी आता मिरवण्याची वस्तू झाली आहे. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून ही काळी-पिवळी हटली. घरोघरी हौसेने जपलेल्या पद्मिनी, ॲम्बेसेडर मात्र अजून आहेत आणि त्यांच्या वायरिंगचे वय त्यांच्याइतकेच आहे.

रिले म्हणजे काय, हे यंत्रमागाच्या गावात समजावणे सोपे. मागाच्या मोटरला बटणाचा स्टार्टर असतो. हिरवे बटण दाबले की आतली कॉइल चुंबक बनते, लोखंडी पट्टी ओढते आणि ‘खट्’ आवाज होऊन मोटरचा जाड प्रवाह जोडला जातो. वीज गेली की चुंबकत्व संपते, पट्टी सुटते. म्हणून वीज परत आली तरी माग आपोआप सुरू होत नाही. गाडीतला रिले हाच खेळ लहान प्रमाणात करतो. अमेरिकी शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी 1835 च्या सुमारास ही युक्ती दाखवली आणि पुढे ती तारायंत्राच्या कामी आली.

गाडीला तिची गरज का पडते? इंजिन फिरवताना सेल्फ शंभर-दोनशे अँपिअर प्रवाह ओढतो. एवढा प्रवाह चावीच्या नाजूक स्विचमधून नेला तर स्विच जळून जाईल. रिलेच्या कॉइलला मात्र साधारण 0.15 अँपिअर पुरतो. चावी फक्त हुकूम देते, रिले तो पुढे पोचवतो आणि सेल्फचा सोलेनॉइड जाड तारा जोडतो. सोलेनॉइड हाही खरे तर एक दांडगा रिलेच. गाडीच्या सालाप्रमाणे मांडणी बदलते. काहींत वेगळा रिले नसतोच, तर काहींत मागच्या एखाद्या मेकॅनिकने तो नंतर बसवलेला असतो आणि त्याची वायर कुठून कुठे गेली हे त्यालाच ठाऊक असते.

आता निदान. पहिले हत्यार कान. हेडलाइट लावायचे, एकाने चावी फिरवायची आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून ऐकायचे. काहीच आवाज नाही आणि दिव्यांचा उजेडही तसाच, तर हुकूम पोचतच नाही: चावीचा स्विच, फ्यूज, बारीक वायर, अर्थिंग किंवा कॉइल यांत खोट आहे. एकच ‘टक्’ होऊन दिवे तसेच राहिले, तर कॉइल शाबूत आहे, पण जाड प्रवाह पुढे जात नाही. सोलेनॉइडचे संपर्क जळाले आहेत किंवा सेल्फचे कार्बन झिजले आहेत. ‘टक्’ झाल्यावर दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी उतरलेली, टर्मिनल सैल किंवा सेल्फ अडकलेला.

आणि ‘टकटकटकटक’ अशी सलग फडफड? ती ऐकून अनेकजण रिले काढतात, आणि बहुतेक वेळा तो बिचारा निर्दोष असतो. बॅटरी दुबळी असली की संपर्क जुळताच सेल्फचा भार येतो, व्होल्टेज कोसळते, कॉइलला पट्टी धरून ठेवता येत नाही. पट्टी सुटते, भार जातो, व्होल्टेज सावरते आणि पट्टी पुन्हा ओढली जाते. हे चक्र सेकंदाला अनेकदा चालते.

दुसरे हत्यार मल्टिमीटर. पण तो कधी लावायचा, यात सगळी मेख आहे. गाडी उभी असताना चांगली भरलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 म्हणजे ती जवळपास अर्धी रिकामी. तरी एवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही. नळ बंद असताना पाइपात दाब पूर्ण असतो, नळ उघडला की कळते आत किती गाळ आहे. विजेचेही तसेच. मीटर स्वतः नगण्य प्रवाह घेतो, त्यामुळे जळून काळ्या पडलेल्या संपर्कापलीकडेही तो खुशाल 12 व्होल्ट दाखवतो. सेल्फच्या वाटेत 0.01 ओहम इतका क्षुल्लक अडथळा असला, तरी 150 अँपिअरला 1.5 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. साध्या मीटरवर 0.01 ओहम दिसतही नाही.

म्हणून मोजमाप चावी फिरवलेली असताना करायचे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टोकावर, दुसरे सेल्फच्या जाड बोल्टवर. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असला तर वाट मोकळी. एक व्होल्टच्या वर गेला तर तेवढ्या वाटेत कुठेतरी गळती आहे, आणि टोक एकेक जोड मागे सरकवत नेले की ती जागा सापडते. मग ऋण टोक ते इंजिनचा ठोकळा असे मोजायचे. इथे 0.2 व्होल्टच्या वर फरक आला तर अर्थिंगची पट्टी संशयित. सेल्फ फिरत असताना बॅटरीवर 9.6 व्होल्टच्या खाली आकडा जात असेल, तर आधी बॅटरी तपासावी.

रिलेवर हात ठेवण्याची पाळी यानंतर येते. अलीकडच्या चौकोनी रिलेवर 85 व 86 ही कॉइलची टोके, 30 वर बॅटरीचा प्रवाह येतो आणि 87 मधून पुढे जातो. ल्युकास पद्धतीच्या जुन्या रिलेवर डब्ल्यू-1, डब्ल्यू-2, सी-1, सी-2 अशी अक्षरे असतात. डब्ल्यू म्हणजे कॉइल, सी म्हणजे संपर्क. चावी फिरवल्यावर कॉइलच्या दोन टोकांत 12 व्होल्ट येत असूनही आवाज नसेल, तर रिले खराब. व्होल्टेजच येत नसेल, तर नवा रिलेही तसाच मुका राहील. काढलेल्या रिलेच्या कॉइलचा रोध साधारण 70 ते 100 ओहम भरतो. अनंत दाखवला तर आतली तार तुटली आहे.

भिवंडीच्या हवेत संशयाची सुई जोडांकडेच अधिक वळते. पावसाळ्यातला दमटपणा तांब्यावर हिरवे जंगाल चढवतो. यंत्रमागाच्या गाळ्यांजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत कापसाचे तंतू तेलकट जागी चिकटतात, आणि तो थर ओल धरून ठेवतो. टर्मिनल काढून, पॉलिश पेपरने घासून, घट्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावणे हा सर्वांत स्वस्त इलाज.

गॅरेजमध्ये एक शॉर्टकट सर्रास चालतो: स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइडची दोन टोके जोडून सेल्फ फिरवणे. जुन्या गाड्यांना गिअरमध्ये असताना सेल्फ रोखणारा स्विच नसतो. गाडी गिअरमध्ये राहिली असेल, तर ती उडी घेते आणि समोर वाकलेला माणूस भिंतीत चिरडतो. शिवाय चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो 4 टक्के झाला की एक ठिणगी पुरते. म्हणून जंपर लावताना शेवटचा चिमटा बॅटरीपासून दूर, इंजिनच्या लोखंडाला लावतात. काम सुरू करण्याआधी अंगठी, कडे काढावे. ॲसिड डोळ्यात उडाले, तर किमान 15 मिनिटे वाहत्या पाण्याने धुऊन लगेच डॉक्टर गाठावा.

हॅंडल मारणे हाही निर्धोक उपाय नव्हे. इंजिनने उलटा झटका दिला की मनगटाजवळचे हाड मोडते. अस्थिरोगतज्ज्ञ त्या ठरावीक मोडीला आजही ‘शोफर फ्रॅक्चर’ म्हणतात. चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा सेल्फ 1912 च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि हे दुखणे ओसरू लागले. ॲम्बेसेडरला हॅंडल मारायचेच असेल, तर अंगठा दांड्याभोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूला ठेवावा आणि हॅंडल खालून वर ओढावे.

चावी सोडूनही सेल्फ फिरतच राहिला, तर रिलेचे किंवा सोलेनॉइडचे संपर्क वितळून चिकटले आहेत. अशा वेळी बॅटरीची ऋण वायर तत्काळ सोडवावी. मिनिटभरात तारा तापून धुमसू लागतात. तो चिकटलेला भाग ठोकून सुटला तरी पुन्हा वापरू नये. चाचणीत निर्दोष ठरलेला जुना रिले मात्र फेकू नये. कागदात गुंडाळून डिकीत ठेवावा.