माशाच्या तांबड्या रक्तपेशी नुसता ऑक्सिजन वाहत नाहीत, विषाणूशीही लढतात! शेततळेवाल्यांनी हे का समजून घ्यावे?

सकाळी तळ्यावर गेल्यावर चार-दोन मासे पोट वर करून तरंगताना दिसले, की अनेकांचा पहिला फोन औषध दुकानात जातो. "एखादे अँटिबायोटिक द्या." पण रोग विषाणूचा असेल, तर ते पैसे पाण्यात गेले म्हणून समजा. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, विषाणूवर नाही. ही लढाई माशाला स्वतःच लढावी लागते.

माशाची तांबडी पेशी वेगळी कशी?

शाळेत आपण शिकलो की तांबड्या पेशी ऑक्सिजन वाहतात आणि पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात. माणसाची तांबडी पेशी तयार होताना तिच्यातले केंद्रक बाहेर टाकले जाते. केंद्रकात प्रथिने बनवण्याच्या सूचना असतात. ते गेले की पेशीला गरजेप्रमाणे नवे काही बनवता येत नाही. माशाच्या तांबड्या पेशीत मात्र केंद्रक कायम राहते. कोंबडीचेही तसेच. त्यामुळे ही पेशी विषाणू ओळखते आणि त्याच्याविरुद्ध प्रथिनेही बनवते.

लढाई कशी चालते?

विषाणूची चाहूल लागताच पेशी 'इंटरफेरॉन' नावाचे प्रथिन सोडते. गावात चोर शिरल्यावर एकाने हाक मारावी आणि शेजाऱ्यांनी दारे लावून घ्यावीत, तसा हा प्रकार. शेजारच्या पेशी विषाणूची वाढ रोखणारी प्रथिने बनवायला लागतात.

स्पेनमधील संशोधकांनी ट्राउट माशाच्या तांबड्या पेशींवर केलेले प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणूशी संपर्क आलेल्या पेशी ज्या द्रावणात होत्या, ते द्रावण माशाच्या दुसऱ्या पेशींना दिले, तेव्हा त्या पेशींचे त्या विषाणूपासून संरक्षण झाले. म्हणजे हाक पोहोचली होती!

पण दरवेळी जीत होत नाही. नॉर्वेत पाळलेल्या सॅल्मन माशांमध्ये हृदय आणि स्नायू सुजण्याचा रोग १९९९ मध्ये पहिल्यांदा दिसला. त्याच्याशी संबंधित विषाणू २०१० मध्ये ओळखला गेला. हा विषाणू तांबड्या पेशीतच शिरून वाढतो. पेशी प्रतिकार करतात, तरी तो माशात दीर्घकाळ टिकून राहतो. वरून धडधाकट दिसणारा मासाही रोग बाळगून असू शकतो.

आपल्या तळ्याशी काय संबंध?

हे प्रयोग ट्राउट आणि सॅल्मनवरचे आहेत. पण केंद्रक असलेली तांबडी पेशी आपल्या रोहू, कटला, चिलापीतही असते. चिलापीला मारणारा 'तिलापिया लेक व्हायरस' भारतातही सापडला आहे. २०१८ मध्ये पश्चिम बंगाल आणि केरळमधील तळ्यांतून त्याची नोंद झाली.

गर्दी, ऑक्सिजनची कमतरता, घाण पाणी यांचा ताण आला की माशाची प्रतिकारशक्ती घटते. म्हणून एवढे करा:

• बोटुकली खात्रीच्या केंद्रातूनच घ्या. नुसते दिसण्यावर जाऊ नका.
• तळ्यात झेपेल तेवढेच बीज सोडा.
• पहाटे पाण्यात ऑक्सिजन सर्वात कमी असतो. मासे तोंड वर काढत असतील तर लगेच एरेटर किंवा पंप सुरू करा.
• एका तळ्यातले जाळे न धुता, न सुकवता दुसऱ्यात टाकू नका.
• मेलेले मासे ओढ्यात किंवा कालव्यात फेकू नका. चुना टाकून खोल पुरा.
• मर वाढली तर आधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात कळवा आणि तपासणी करून घ्या. औषधाचे त्यानंतर बघा.

माशाच्या अंगातले पहारेकरी आपले काम करतातच. त्यांना चांगले पाणी आणि पुरेसा ऑक्सिजन देणे मात्र आपल्या हातात आहे.