पाटी इटालियन, पण जेवण?

मुलांनो, सहल मुंबईला गेली की गेटवे ऑफ इंडिया बघणं ठरलेलंच! १९२४ साली पूर्ण झालेली ती भव्य कमान, समोर १९०३ सालचं ताजमहाल हॉटेल, पाण्यात डुलणाऱ्या बोटी. तिथून थोडं चाललं की कुलाबा कॉजवे, म्हणजेच शहीद भगतसिंग मार्ग. देशोदेशीचे पाहुणे इथं हिंडतात, म्हणून खाण्याच्या जागाही ढीगभर. कुठं पिझ्झा, कुठं पास्ता. पोटात कावळे ओरडताहेत. आता शिरायचं कुठं?

पाटीवर 'इटालियन' लिहिलं म्हणजे जेवण चांगलंच असेल, असं थोडंच आहे? जिथं रोज नवं गिऱ्हाईक येतं, तिथं एखाद्या मालकाला वाटतं, 'हा काही पुन्हा येणार नाही!' खुद्द इटलीतही जाणकार माणसं प्रसिद्ध चौक सोडून दोन गल्ल्या आत जातात ती यासाठीच.

मग ओळखायचं कसं? आधी दारात बघा. कुणी "या, या" करून मागंच लागलं, तर जरा सावध! मग आत डोकावा. जवळपास काम करणारी, राहणारी माणसं जेवत असतील तर ती चांगली खूण. मेनूकार्डही वाचा. पिझ्झा, चायनीज, डोसा, कबाब असं सगळंच मिळत असेल, तर सगळं ताजं कसं असणार?

आता पदार्थांची परीक्षा. पिझ्झा मूळचा नेपल्स शहराचा. टोमॅटो, चीज आणि तुळशीच्या जातीची पानं घातलेला साधा 'मार्गेरिता' मागवा. त्यात लपवायला जागाच नसते! नेपल्सच्या पद्धतीत भट्टी सुमारे ४८५ अंश सेल्सिअस तापवतात आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. कडा फुगलेली, मधे मऊ. ही कला २०१७ साली युनेस्कोच्या यादीत गेली.

पास्ता ड्युरम नावाच्या कडक गव्हाचा. आपला बन्सी गहू त्याच जातीचा बरं का! चांगला पास्ता दाताला किंचित लागतो. लगदा झाला, तर समजा की तो जास्त शिजला.

आणि रिसोत्तो? तो तर चक्क भात! आपल्या आंबागडच्या बांध्यांत धान होतं, तसं उत्तर इटलीत पो नदीच्या खोऱ्यात पिकतं. आपल्याला चिन्नोरचा मोकळा, सुवासिक भात आवडतो. त्यांना मात्र आखूड, जाड दाण्याचा तांदूळ हवा. त्यात गरम रस्सा पळीपळीनं घालत ढवळत राहायचं. पंधरा-वीस मिनिटांत दाण्यातलं पीठ सुटून भात लोण्यासारखा होतो. म्हणून मागितल्याबरोबर दोन मिनिटांत रिसोत्तो आला, तर तो आधीच शिजवून ठेवला असावा, असं खुशाल समजा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खेड्यातनं आलोय, इंग्रजी नीट येत नाही, म्हणून कित्येक मुलं भाव विचारायला लाजतात. मग बिल आलं की तोंड पाहण्यासारखं होतं! तेव्हा बसण्याआधीच मेनूकार्ड मागा, भाव बघा, खिशातल्या पैशांशी हिशेब जुळवा. नाही जुळला तर "धन्यवाद" म्हणून सरळ बाहेर पडा. त्यात कसला आलाय कमीपणा? बिलातली बेरीजही तपासा. त्यात 'सर्व्हिस चार्ज' लावलाय का, तेही बघा. तो सक्तीनं घेता येत नाही, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये दिला. जीएसटी हा कर मात्र द्यावाच लागतो. फसवणूक झाली असं वाटलं, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मोठ्यांना फोन करायला सांगा.

आणि मुंबई लांब आहे म्हणून थांबू नका हं! पुढच्या बाजारी तुमसरला गेलात की तिथल्या खानावळींना हीच परीक्षा लावून बघा. कोण पहिलं येतं?