ट्रक चढावर दम टाकतोय? रिलीफ व्हॉल्व्हचा दोष मोबाईलवरून असा पकडा

यावल-फैजपूर-सावदा पट्ट्यातून केळी भरून निघालेला ट्रक चढावर अचानक दम टाकतो, चेक लाईट लागते. बंद करून चालू केला की परत ठीक! गाडीला ट्यूनिंग बॉक्स लावलेला असेल, तर लगेच पंप बदलायची घाई करू नका.

कॉमन रेल डिझेलमध्ये इंधन 1600 बार किंवा त्याहून जास्त दाबाने रेलमध्ये साठतं. दाब हद्दीबाहेर गेला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि डिझेल टाकीकडे परत जातं. काही बॉक्स ईसीयूला सेन्सरचा आकडा कमी करून दाखवतात, त्यामुळे खरा दाब वाढतो. सारखा उघडून व्हॉल्व्हची सीट झिजते, मग तो नीट बंदच होत नाही.

आधी बॉक्स काढा, डिझेल फिल्टर बघा. मग ओबीडी डोंगल लावून ॲपमध्ये मागितलेलं आणि प्रत्यक्ष रेल प्रेशर शेजारी-शेजारी ठेवा. (डोंगल 24 व्होल्टला चालतं ना, ते आधी तपासा.) लोडवर प्रत्यक्ष आकडा मागे पडला, पी0087 कोड आला, तर दाब कमी पडतोय एवढंच कळतं. चोर कोण, ते नाही.

त्यासाठी इंजिन बंद असताना व्हॉल्व्हची रिटर्न नळी काढून बाटलीत सोडा आणि नुसता स्टार्टर मारा. धार लागली तर व्हॉल्व्ह गेला. कोरडं राहिलं तरी तो लगेच सुटला असं नाही. काही व्हॉल्व्ह फक्त लोडवर गळतात. मग इंजेक्टरची रिटर्नही मोजून घ्या.

चालू इंजिनवर हाय प्रेशर पाईप अजिबात सैल करू नका, ती धार कातडी फोडून आत शिरते. आणि व्हॉल्व्हच्या जागी बोल्ट ठोकायचा जुगाड? रेल फुटू शकते.