जुनं घर घेताय? आधी भेगा बघा

जबलपुरात जुनं घर बघायला गेलं की मोठं अंगण, उंच छत आणि जाड भिंती पाहून मन हरखतं. त्यात नुकताच रंग दिलेला असेल, तर लगेच बयाणा देऊन टाकावासा वाटतो. पण जरा थांबा. आधी पायाखालच्या जमिनीची चौकशी करा.

माती कोणती आहे?

मदनमहालच्या बाजूला ग्रॅनाइटचा खडक उघडा दिसतो. पण शहराच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल, तर घरही तिच्याबरोबर वरखाली होतं. सगळं घर सारखं खचलं तर फारसं बिघडत नाही. एकच कोपरा जास्त खचला की भिंत फाटते. म्हणून पाया किती खोल आहे, हे मालकाला आणि जमल्यास जुन्या मिस्त्रीला विचारा.

इथे पूर्वी काय होतं?

जबलपूर हे तळ्यांचं शहर. रानीताल, चेरीताल, भँवरताल ही नावंच ते सांगतात. भँवरतालच्या जागी आज बाग आहे. बुजवलेल्या तळ्यावरची भर नीट दाबली नसेल, तर ती वर्षानुवर्षं बसत राहते. म्हणून जुना खसरा आणि नकाशा पाहा, शेजारच्या आजोबांनाही विचारा.

भेग कशी ओळखाल?

• प्लास्टरवरच्या केसासारख्या बारीक भेगांची सहसा चिंता नसते.
• खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरकी किंवा पायऱ्यांसारखी गेलेली, एका टोकाला रुंद भेग धोक्याची.
• ५ मिलिमीटरहून रुंद भेग दिसली, तर तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.
• दारं अडकतात का? फरशीवर गोटी ठेवली तर घरंगळते का?
• भिंतीलगत पिंपळासारखं मोठं झाड किंवा गळकी मोरी आहे का?

शक्य असेल तर घर दोनदा पाहा: एकदा मे महिन्यात, एकदा पावसाळ्यानंतर. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. भेग खुणेपुढे सरकली, तर घर अजून हलतंय.

भूकंपानंतर काय केलं?

२२ मे १९९७ च्या पहाटे जबलपुरात भूकंप झाला. घर त्याआधीचं असेल, तर तेव्हा काय पडलं, काय दुरुस्त केलं, हे स्पष्ट विचारा. नुसतं प्लास्टर मारलं असेल, तर भेग आत तशीच असते.

शेवटी हिशेब

स्ट्रक्चरल इंजिनिअरला फी देऊन लेखी अहवाल घ्या. गळती थांबवून, पाणी पायापासून दूर नेऊन भागत असेल, तर तो खर्च किमतीतून कमी करून घ्या. पायाच मजबूत करावा लागणार असेल, तर आधी खर्चाचा अंदाज काढा. मालक तपासणीच करू देत नसेल, तर मात्र घर कितीही आवडलं तरी नमस्कार करून निघा.